समासातली पेन्सिल

३ फेब्रुवारी

चि. कानवाली,

अनेक आशीर्वाद. मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसलीस ते कळलं. अगं, त्या फोनला काहीतरी झालंय, पलीकडचं माणूस विहिरीत बसून बोलल्यासारखं वाटतं. दिवसभर लोकांचे कान तपासतेस, मग संध्याकाळी माझा कशाला खातेस? पत्र लिही. तेवढंच तुझं अक्षर सुधारेल.

लिहायला कारणही आहे. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. टॉवेलात गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांनी माझ्या टेबलावर असं ठेवलं की जणू आत तान्हं मूल आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा नंतरचा भाग, म्हणजे येशूच्या गोष्टी आणि त्याच्या मागून त्याच्या माणसांनी गावोगावच्या लोकांना लिहिलेली पत्रं. पुस्तक त्यांच्या आईचं. आई गेल्या वर्षी गेल्या. पाठ फाटलेली, शिलाई सुटलेली, बाहेरची कड दमट लागून कुजलेली. एप्रिलच्या शेवटी वर्ष पुरं होतंय, घरचे सगळे जमणार आहेत, तोवर बांधून द्या म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले. म्हणाले, "समासात आईनं पेन्सिलीनं लिहिलंय. ते जपा. पुस्तक काय, दुसरंही मिळेल."

माझा नियम तुला माहीत आहे. पुस्तकं बांधणाऱ्यानं पुस्तकं वाचू नयेत, नाहीतर ती बांधून होत नाहीत. चाळीस वर्षं पाळलाय. पण शिलाई उसवून एकेक फर्मा वेगळा करताना, म्हणजे सोळा पानांची एकेक घडी सोडवताना, पेन्सिलीवर नजर गेलीच. जिथे लिहिलंय की दान करताना वाजतगाजत करू नये, तिथे या बाईंनी लिहिलंय: "शेजारणीच्या मुलांना स्वेटर दिले ते तिघींना सांगितलं. फुकट गेले." जिथे उद्याची काळजी करू नका म्हटलंय, तिथे: "कबूल. पण इस्त्री आजच." एके ठिकाणी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ आलं आणि मी उडालेच. मला वाटायचं ही आपल्या आजीची म्हण! तिथे समासात: "धाकटीला ओरडण्याआधी स्वतःचं कपाट उघडून बघणे." आणि प्रत्येक ठिकाणी खाली बारीक अक्षरात "जमलं" किंवा "नाही जमलं". "नाही जमलं" जास्त आहेत. मला या बाई फार आवडल्या.

आमचे दादा (कटिंग मशीनवाले, तू लहानपणी त्यांच्या कागदाच्या पट्ट्यांचे हार करायचीस ते) म्हणतात, "बाई, या वयात धर्म बदलताय की काय?" मी म्हटलं, धर्म राहू दे, मला फक्त बघायचंय की हे रोजच्या दिवसात चालतं का. त्या बाईंना चाललं का, आणि आपल्याला चालेल का. एकतीस वर्षं शेजारी काम करतात, पण अजून माझ्यावर हसायची संधी सोडत नाहीत.

आता तुझं काम. एका पत्रात लिहिलंय की माणसानं ऐकायला घाई करावी, बोलायला उशीर करावा आणि रागवायला त्याहून उशीर. समासात: "शेंगा सोलत बसलं की जमतं. हात गुंतलेले हवेत." हे तुझ्याच धंद्याचं आहे. करून बघ आणि कळव.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्या,

वाकून नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की बाहेर बसलेल्या आजोबांना वाटलं त्यांच्या कानाचा निकाल चांगला आलाय.

करून बघितलं. आमच्याकडे एक बाई येतात, त्यांना ऐकण्याचं यंत्र दिलंय, पण दर आठवड्याला ते परत आणून टेबलावर आपटतात. "शिट्टी वाजते!" मी दर वेळी शिट्टी का वाजते ते समजावते. या वेळी ठरवलं, बोलायचं नाही. शेंगा नव्हत्या, म्हणून यंत्राची नळी साफ करत बसले. चार मिनिटं मला चाळीस मिनिटांसारखी गेली. आणि मग कळलं की शिट्टी वाजते ती फक्त सुनेच्या खोलीत शिरताना, कारण दार अरुंद आहे, यांचं डोकं चौकटीजवळ जातं आणि त्या हात कानावर धरतात. हात लागला की यंत्र ओरडणारच! इतके दिवस मी यंत्र दुरुस्त करत होते. आत्या, मी कानाची तज्ज्ञ आहे असं माझ्या दारावर लिहिलंय.

आमच्या रिसेप्शनवरची ताई ख्रिस्ती आहे. तिला त्या बाईंच्या टिपा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "आमच्या घरी हे पुस्तक फडताळात वरच्या फळीवर असतं. या बाईंनी ते ओट्यावर ठेवलेलं दिसतंय." आता रोज दुपारी ती मला विचारते, आज काय उसवलं तुझ्या आत्यानं? तेव्हा अजून टिपा पाठव.

आणि फोन बदल. परवा तीनदा केला, तू उचललास, "हो हो, बरं बरं" म्हणालीस आणि ठेवलास. मी विचारलं होतं की तुझ्या गुडघ्याला एक्सरे काढायला सांगितलाय का.

तुझी,
कानवाली


२२ फेब्रुवारी

चि. कानवाली,

आशीर्वाद आहेतच, पण आज डोकं ठिकाणावर नाही.

आधी एक टीप देते, मग रडगाणं. जिथे लिहिलंय की तुमचं हो म्हणजे हो असावं आणि नाही म्हणजे नाही, तिथे त्या बाईंनी लिहिलंय: "'बघू' म्हणणे बंद." खाली सहा वेळा "नाही जमलं". हे वाचून मी तासभर खुशीत होते.

मग शिकंज्यातून पहिले चार फर्मे काढले. शिकंजा म्हणजे आपला लाकडी दाब, तुला आठवत असेल, तू त्यात बोट घातलं होतंस. पानं छान सपाट झाली होती. आणि बाहेरची कड नव्हती! बोटभर पट्टी सरळ कापलेली. पेन्सिलीच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गेलेला. कटिंग मशीनखालच्या कचऱ्यात बघितलं तर बारीक कपटे. "ते जपा" म्हणून तो माणूस दारातून परत आला होता. आता त्याला काय दाखवू?

मशीन एकच माणूस चालवतो. एकतीस वर्षांत त्यानं एक पान वाकडं कापलं नाही, आणि कापलं ते हे.

तुला वाटेल मी लगेच भांडले. नाही. गंमत बघ, त्याच कापलेल्या फर्म्यांत एक पान निघालं. त्यात सांगितलंय की भावानं तुझा अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला त्याची चूक सांग. त्यानं ऐकलं तर भाऊ मिळाला. नाही ऐकलं तर एक-दोन माणसं बरोबर ने. तरीही नाही तर सगळ्या मंडळींना सांग. तेही नाही ऐकलं तर त्याला परका समज. मला हे फार पटलं. आपल्याकडे उलटं असतं, आधी सगळ्या गल्लीला कळतं आणि त्या माणसाला शेवटी. समासात बाईंनी लिहिलंय: "आधी एकटीने जाणे. आणि सांगण्याआधी" आणि पुढे पट्टी कापलेली. बघ, काय लिहिलं होतं ते कोणाला कळणार?

म्हणून सगळे जेवायला गेल्यावर मी गेले. मशीन बंद केलं. आवाज न चढवता सगळं बोलले. तू विचारशील त्यानं काय केलं. काही नाही! मान खाली घालून पुटपुटला, मग वरच्या फळीकडे हात करून काहीतरी दाखवायला लागला. मी चुकीबद्दल बोलतेय आणि हा फळीबद्दल! विषय बदलायची ही तऱ्हा. मी निघून आले.

पहिली पायरी झाली. दुसरी चढू का? तुझ्या ताईला विचार.

आत्या


२८ फेब्रुवारी

ती. आत्या,

वाचून वाईट वाटलं. त्या मास्तरांचा चेहरा मी पाहिला नाही, तरी डोळ्यांसमोरून जात नाही.

मला विचारशील तर चढ दुसरी पायरी. गेल्या महिन्यात आमच्याकडे यंत्रासाठी कानाचे साचे बनवून देणारा माणूस तीनदा चुकीचे साचे देऊन वर मलाच उलट बोलत होता. मी डॉक्टरीणबाईंना आणि ताईला घेऊन गेले, तिघी समोर बसलो, पाच मिनिटांत कबूल झाला. साक्षीदार असले की माणूस सरळ बोलतो. तुझ्याकडे शेजारचे छापखानेवाले आहेत, शिलाई करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना ने.

ताईला विचारायला वेळ झाला नाही, ती सुट्टीवर आहे. पण नियम इतका सरळ आहे की विचारायचं काय त्यात?

तुझी,
कानवाली


९ मार्च

चि. कानवाली,

तिन्ही पायऱ्या झाल्या. वर पोचले आणि तिथे कोणीच नाही.

छापखानेवाले आणि शिलाईच्या मावशी, दोघांना घेऊन गेले. यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकच वाक्य बोलला. मला नीट कळलं नाही म्हणून छापखानेवाल्यांनी मोठ्यानं सांगितलं: "म्हणतात की कापण्याआधी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही होकार दिलात." मी होकार दिला! मी! गिऱ्हाईकानं दारातून परत येऊन जपायला सांगितलेली अक्षरं कापायला मी हो म्हणेन? चोर तो चोर वर शिरजोर. मी म्हटलं, माझ्या तोंडून "हो" ऐकलं असेल तर शपथ घे. त्यानं शपथ घेतली नाही. मावशी मध्ये पडल्या, "बाई, बसून बोलू या का?" मी म्हटलं, बसून बोलायचे दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या पाचही जणांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की काम बिघडवणं मी एकदा पोटात घालेन, पण वर खोटं बोलणं नाही. त्यानं ॲप्रन काढला, घडी करून मशीनवर ठेवला. आपली पट्टी, सुरी आणि स्टुलावरची उशी घेतली आणि गेला. ती उशी मीच शिवली होती.

आता त्याला परका समजते आहे. पुस्तकात लिहिलंय तसं केलं, एकही पायरी गाळली नाही. मग मला बरं का वाटत नाही? कटिंग मशीन बंद आहे. काल एक गठ्ठा मी स्वतः कापला, तो तिरका गेला.

मास्तरांना अजून काही सांगितलेलं नाही. सात आठवडे आहेत.

आत्या


१५ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ताई सुट्टीवरून आली, तिलाही दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पहिल्या पायरीवरच महिने जातात. तुम्ही दोघी दोन आठवड्यांत गच्चीवर पोचलात." दोघी म्हणाली ते बरोबरच आहे. दुसरी पायरी चढ म्हणून मीच तुला ढकललं, तेही माझ्या एका साचेवाल्याच्या शितावरून तुझ्या सगळ्या भाताची परीक्षा करून. त्याबद्दल मला माफ कर. तिनं आणखी एक दाखवलं. परका समज म्हणजे जकातवाल्यासारखा समज, असं तिथे आहे; तेव्हा या करवसुली करणाऱ्यांना लोक वाळीत टाकायचे. पण येशू स्वतः जकातवाल्यांच्याच घरी जेवायला जायचा, आणि त्यावरून लोकांची बोलणी खायचा. मग परका समजायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला उत्तर माहीत नाही, पण दार लावून घ्यायचं असं नसावं.

आता मला काही विचारायचंय. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळच विचारते. दादा म्हणाले की तू "हो" म्हणालीस, की तू मान डोलावलीस? त्या दिवशी, पट्टी कापली त्या दिवशी, तू कुठे बसली होतीस? पुस्तकाच्या पाठीवर हातोडी चालली होती का? दादा तुझ्या डाव्या बाजूनं आले का? तू खाली बघत होतीस का?

हे का विचारते ते सांगते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं येतात तेव्हा म्हणतात, मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात. आणि सगळी मान डोलावतात. मी मुद्दाम हळू आवाजात काहीतरी भलतंच विचारते, "आज घोड्यावरून आलात का?" आणि ती हसून मान डोलावतात. ती खोटी नसतात गं. पुन्हा पुन्हा "काय? काय?" म्हणायची लाज वाटते, समोरचा वैतागतो, मग मान आपली आपण हलायला शिकते. पुढे पुढे त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही की आपण हो म्हटलं.

मागच्या सुट्टीत तू आली होतीस तेव्हा मी आतून विचारलं, चहा की कॉफी? तू मान डोलावलीस. मला वाटलं आत्या चेष्टा करतेय, म्हणून दोन्ही आणून ठेवलं. तू दोन्ही प्यायलीस. फोनवरचं "हो हो, बरं बरं", विहिरीतला आवाज, छापखानेवाल्यांना मोठ्यानं सांगावं लागलं ते. मी कानाची तज्ज्ञ आहे, आणि माझ्याच आत्याचं मला कळलं नाही. मुसळ कुठे होतं बघ.

मी चुकत असेन. चुकत असेन तर बरं. पण एकदा तपासून घे.

तुझी,
कानवाली


१८ मार्च

कानवाली,

दोनच ओळी. माझे कान ठणठणीत आहेत, रोज निजताना बैठकीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकते. माझं वय काढायला तुला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या माणसाची वकिली तर नाहीच नाही.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्या,

तुझं कार्ड मिळून दोन आठवडे झाले. लगेच उत्तर लिहिलं होतं, फाडलं. रागवायला उशीर करायचा हे तूच शिकवलंस.

बैठकीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकतेस असं लिहिलंस. आत्या, त्या घड्याळातला सेल मी जानेवारीत काढून तुझ्या टॉर्चमध्ये घातला होता. तुला सांगितलंही होतं. तू मान डोलावली होतीस.

मी भांडत नाहीये. मी तुला ओळखते, तू कधीच खोटं बोलत नाहीस, म्हणूनच तुला ते सहन होत नाही. यंत्र मी पोस्टानं पाठवलं असतं, पण त्याला कान लागतो. तुझ्याच रस्त्यावर बँकेच्या वर आमच्यासारखंच एक केंद्र आहे. तिथे बंद खोलीत पंधरा मिनिटं बसावं लागतं. दुखत नाही.

तुझीच,
कानवाली


१३ एप्रिल

चि. कानवाली,

अनेक, अनेक आशीर्वाद. हे पत्र लांबेल, चहा घेऊन बस. चहाच घे, कॉफी नको.

घड्याळाखाली खुर्ची ठेवून वर चढले आणि उघडून पाहिलं. सेल नव्हता. खाली उतरून तिथेच बसून राहिले. मग दुसऱ्या दिवशी बँकेच्या वर गेले, तुझ्यावर उपकार म्हणून नाही, तुला खोटं पाडायला.

त्या खोलीत एका मुलीनं मला हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज ऐकू आला की दाबा. मी दाबत गेले. दहा मिनिटांनी ती आत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजी, आता मी काहीच आवाज सोडत नव्हते. तरी तुम्ही सात वेळा बटण दाबलंत." मी म्हटलं, मला वाटलं यायला हवा होता. ती हसली नाही. चांगली मुलगी आहे. डावा कान बराच गेलाय, उजवा निम्मा. मी तिथेच रडले, तेही बहिरेपणासाठी नाही. एकतीस वर्षं ज्यांनी मला "बाई" म्हणून मान दिला, त्यांना मी पाच माणसांसमोर खोटारडा म्हटलं होतं, आणि खोटी माझी मान होती.

तू विचारलं होतंस ते आता सांगते. मी खाली बघून एका पुस्तकाची पाठ हातोडीनं ठोकत होते, शेजारी छापखान्याचं मशीन चालू होतं. डाव्या बाजूला कोणीतरी उभं राहून बोललं. मी मान हलवली. ती व्यक्ती गेली. मला इतकंच आठवतं, आणि इतकं मला तेव्हाही आठवत होतं, पण आठवून बघायचं मी ठरवलंच नव्हतं.

तिथून दुकानात आले आणि पहिल्यांदा त्या फळीकडे पाहिलं. पुठ्ठ्यांच्या मागे एक मोठं पाकीट. आत बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एकही गहाळ नाही, प्रत्येकीच्या मागे पान क्रमांक, दर दोन पट्ट्यांच्या मध्ये पातळ कागद. वरती दादांच्या अक्षरात: "कड झडते आहे, हात लागला की अक्षर जातं. पट्ट्या वेगळ्या करून ठेवल्या. जाळीच्या पातळ कागदावर चिकटवून पानाला परत लावायच्या. बाईंना विचारलं, हो म्हणाल्या." कापलं ते वाचवायला कापलं होतं गं. कचऱ्यातले कपटे म्हणजे कुजलेली कड, त्यावर एक अक्षर नव्हतं.

मी ती पायऱ्यांच्या पानाची पट्टी शोधली आणि पानाला लावून बघितली. "आधी एकटीने जाणे. आणि सांगण्याआधी" आणि पट्टीवर: "विचारणे." खाली: "नाही जमलं. उद्या परत जाणे."

यंत्र यायला दोन आठवडे आहेत. मनात आलं, यंत्र आलं की जाईन, म्हणजे नीट ऐकू येईल. मग लक्षात आलं की हे "बघू"च झालं. तशीच गेले. दादांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. दार त्यांनीच उघडलं. मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही दादा, खूप दिवसांपासून येत नाही, मी ते सगळ्यांपासून लपवलं आणि त्याची किंमत तुम्हाला भरायला लावली. मला माफ करा. उद्या त्याच पाच जणांसमोर हे पुन्हा सांगणार आहे, छापखानेवाल्यांनाही बोलावून.

ते बराच वेळ बोलले. तुला माहीत आहे ते किती हळू बोलतात. पूर्वीची मी असते तर दोन वाक्यांनंतर मान डोलवायला लागले असते. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर, उजवा कान पुढे करून बसले आणि चार वेळा म्हटलं, "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली. चौथ्यांदा म्हटलं तेव्हा ते हसले. मग म्हणाले ते सगळं तुला लिहिणार नाही, ते माझ्यासाठी होतं. एवढंच सांगते की कापल्याबद्दल मी रागावले त्याचं त्यांना काही नव्हतं. "पण विचारलं का नाहीत, बाई?" हे ते दोनदा म्हणाले.

मास्तरांनाही सगळं सांगितलं, माझ्या कानासकट. ते पट्ट्या एकेक उजेडाला धरून बघत होते. म्हणाले, आई असती तर समासात तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलं असतं. काय, ते विचारायचं धाडस झालं नाही. पुस्तक वीस तारखेपर्यंत होईल. पट्ट्या लावायला दोन माणसं लागतात, एकानं पान धरायचं आणि एकानं पट्टी.

हो, ते राहिलंच. दादांच्या दारातून निघताना मी विचारलं, "मग उद्या याल ना?" त्यांनी मान डोलावली. मी जिन्यात दोन पायऱ्या उतरले होते, परत वर आले. म्हटलं, "नुसती मान नको दादा. तोंडानं सांगा."

ते म्हणाले, "नऊला येतो."

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

तुझी,
आत्या